नागपूरचे एम.एस्सी. आणि पायाखालचे वनस्पतिशास्त्र

अकरावी-बारावीच्या प्रत्येक तुकडीत एखादा तरी विद्यार्थी असा असतो की ज्याला झाडापानांची खरोखरीची ओढ असते. तो डॉक्टर किंवा इंजिनिअर होण्याच्या शर्यतीत फारसा रमत नाही, वहीत पाने वाळवून ठेवतो, आणि सहलीला गेल्यावर मागे राहतो. अशा विद्यार्थ्याचे शिक्षक मला विचारतात, ‘याला बॉटनी घ्यायला सांगू का? एम.एस्सी. करून पुढे काय?’ नोकरीबद्दलचा भाग या प्रश्नात असतोच आणि तो रास्तही आहे. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. दोन वर्षांच्या त्या अभ्यासात हा विद्यार्थी नेमके काय शिकणार आहे? त्याची ओढ तिथे वाढेल की विझेल?

हा प्रश्न मी नागपूरच्या संदर्भात विचारणार आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले (२००५ पासून त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे). मात्र माझी टीका एखाद्या विभागावर किंवा प्राध्यापकांवर नाही. ज्या साच्यातून आपल्याकडचे पदव्युत्तर वनस्पतिशास्त्र बाहेर पडते तो साचा राज्यभर, किंबहुना देशभर, थोड्याफार फरकाने सारखाच आहे. नागपूर घेण्याचे कारण असे की या शहराइतके समृद्ध वनस्पतिशास्त्रीय अंगण फार थोड्या विद्यापीठांना लाभले आहे, आणि म्हणून साच्याचे दोष इथे जास्त उठून दिसतात.

नागपूर दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या पूर्व कडेवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेला लाव्हाचे थर, पूर्वेला ग्नाइससारखे अतिप्राचीन खडक, आणि कामठी-सिलेवाड्याच्या बाजूला सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे वालुकाश्म. या वालुकाश्मांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, आज पृथ्वीवर कुठेच नसलेल्या वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने दगडात उमटलेली सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने ती गोळा केली. (हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे तेच हे.) त्यांनी रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिले, नमुने इंग्लंडला पाठवले, आणि १८६१ साली बनबरी या अभ्यासकाने नागपूरच्या या वनस्पती-जीवाश्मांचे वर्णन प्रसिद्ध केले. याच ग्लॉसोप्टेरिसची पाने ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतही मिळतात. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीजवळ जे दगड सापडले, त्यांतही ती होती. हे खंड एके काळी एकत्र होते, या विचाराचा एक मोठा पुरावा म्हणजे हे पान. कामठी नागपूरपासून किती दूर आहे, हे नागपूरकरांना सांगायला नको.

दुसरी गोष्ट याहूनही जवळची, कारण ती इथल्याच शिक्षक-विद्यार्थ्यांनी घडवली. लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांच्या काठी वनस्पती वाढल्या, आणि पुढच्या प्रवाहाने सगळे झाकून टाकले. या गाळाच्या थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. नागपूरहून सुमारे शंभर किलोमीटरवर, छिंदवाडा जिल्ह्यात, मोहगाव कलान नावाचे गाव आहे. तिथल्या गारगोटीसारख्या चर्ट दगडात फुले, फळे, बिया आणि खोडे इतकी उत्तम टिकली आहेत की पेशींच्या भिंतीही दिसतात. नागपूरच्या कॉलेज ऑफ सायन्समधील व्ही. बी. शुक्ल यांनी या ठिकाणावर काम केले. बिरबल सहानी यांनी १९४३ साली इथल्या एका फळाला एनिग्मोकार्पॉन, म्हणजे ‘कोड्यात टाकणारे फळ’, असे नाव दिले. १९४४ साली शुक्ल यांनी एका फुलाचे वर्णन करून त्याला सहानींच्या नावावरून साहनिअँथस हे नाव दिले. हे फूल आणि ते फळ एकाच झाडाचे असावे, असे मत पुढे मांडले गेले. दगडातले सुटे फूल आणि सुटे फळ यांचे नाते जुळवायचे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. पुंकेसरांची रचना, बीजांडाशयातल्या कप्प्यांची संख्या, बीजांडांची मांडणी अशा एकेका खुणेची फळाशी ताडणी करावी लागते.

याच परंपरेत श्यामला चितळे (१९१८–२०१३) यांचे काम येते. त्यांनी १९५५ साली इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातून टॉम हॅरिस या नामवंत पुरावनस्पतितज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली, नागपूरच्या विज्ञान संस्थेत वर्षानुवर्षे शिकवले आणि मोहगावच्या दगडांवर विद्यार्थ्यांना कामाला लावले. पुढे त्या अमेरिकेत गेल्या आणि १९८० साली क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात त्यांनी पुरावनस्पतिविज्ञानाचा विभाग उभा केला. मोहगावच्या एका जीवाश्म फुलाला १९७३ साली चितळेपुष्पम् असे नाव दिले गेले आहे.

त्या काळच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याची साधने काय होती? दगड कापायचे यंत्र, घासायला कार्बोरंडमची पूड, हायड्रोफ्लुओरिक आम्ल, आणि सेल्युलोजचा पापुद्रा. दगडाचा पृष्ठभाग गुळगुळीत करायचा, आम्लाने सिलिका थोडी खायची, म्हणजे पेशींच्या भिंती केसाएवढ्या वर उभ्या राहतात. त्यावर पापुद्रा चिकटवून तो सोलून काढला की सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याजोगा छेद तयार. मग पुन्हा घासायचे, पुन्हा सोलायचे. एका फळाचे असे अनेक छेद काढून त्याची आतली रचना डोक्यात उभी करायची. (हायड्रोफ्लुओरिक आम्ल अत्यंत घातक आहे, शाळेच्या प्रयोगशाळेत त्याला कदापि थारा देऊ नये.) खर्च माफक होता, मात्र दगड लागत, वेळ लागे आणि मार्गदर्शकाने शेजारी बसावे लागे.

या कामातून जो प्रश्न पुढे आला तोही शिकण्यासारखा आहे. दख्खनचा लाव्हा नेमका कधी वाहिला? १९३४ साली ‘करंट सायन्स’मध्ये आणि पुढे १९४० च्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणात सहानींनी वनस्पतींच्या पुराव्यावरून असे प्रतिपादन केले की हे थर क्रिटेशियस नसून त्यानंतरच्या तृतीय युगाचे आहेत. ताडकुळातली नीपा, पाण्यावर तरंगणारे ॲझोला असे त्यांचे साक्षीदार होते. मग १९८० च्या दशकात किरणोत्सारी कालमापन आणि खडकांच्या चुंबकत्वाचा अभ्यास झाला, अंतरा-ट्रॅपी थरांत डायनासोरचे अवशेष मिळाले आणि पारडे फिरले. गंमत अशी की या प्राण्यांच्या जीवाश्मांच्या अभ्यासात बिरबल सहानींचे पुतणे अशोक सहानी यांचाच मोठा वाटा आहे. १९९७ साली पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी खुद्द मोहगाव कलानच्या थरांतून ॲक्विलापोलेनाइटिस हे क्रिटेशियसच्या अखेरीचे ओळखचिन्ह असलेले परागकण नोंदवले. आज लाव्हाचा मुख्य काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे क्रिटेशियस आणि तृतीय युगाच्या सीमेवरचा मानला जातो. सहानी थोर होते, आणि या एका मुद्द्यावर त्यांचा निष्कर्ष टिकला नाही. वनस्पतींवरून काळ ठरवण्याच्या मर्यादा इतक्या स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आता एम.एस्सी.च्या वर्गात येऊ. पुरावनस्पतिविज्ञान अभ्यासक्रमात असते. पण ते बहुधा स्कॉटलंडच्या ऱ्हायनी गावच्या ऱ्हायनियापासून सुरू होऊन युरोपातल्या कोळशाच्या खाणींतून फिरते. अनावृतबीजी वनस्पती शिकताना पायनसच्या पानाचा छेद घ्यायचा असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पाइनचे झाड शोधणे कठीण, म्हणून बाजारातून आणलेली तयार काचपट्टी दाखवली जाते. विद्यार्थी आकृती काढतो, ‘स्पॉटिंग’मध्ये ओळखतो, गुण मिळवतो. ग्लॉसोप्टेरिसचेही तेच. त्याची आकृती पुस्तकातून रेकॉर्डमध्ये उतरते, आणि कामठी हे नाव फक्त परीक्षेच्या उत्तरात येते.

सहली निघतात, नाही असे नाही. विदर्भातल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे तीर्थक्षेत्र म्हणजे पचमढी. नेचे आणि शेवाळवर्गीय वनस्पती पाहायला ती जागा उत्तमच आहे, तिथे सायलोटम पाहिल्यावर होणारा आनंद मी कमी लेखणार नाही. पण तीन दिवसांत शंभर वनस्पती गोळा करून, त्यांची नावे मार्गदर्शकाला विचारून, त्या कागदावर चिकटवून ‘सबमिट’ करणे म्हणजे वर्गीकरणशास्त्र नव्हे. सेमिनरी हिल्सवरचे एकच झाड वर्षभर दर पंधरवड्याला पाहून त्याची पालवी, फुलोरा, परागण करणारे कीटक आणि फळगळ यांची नोंद ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला मी त्या शंभर कागदांपेक्षा जास्त गुण देईन. माझ्या पाहण्यात अशा नोंदवहीला गुण देणारी परीक्षाच नाही.

शाळाशिक्षकांसाठी याहून बोलके उदाहरण संत्र्याचे आहे. भ्रूणविज्ञानात ‘बहुभ्रूणता’ नावाचा एक धडा असतो. एका बीमध्ये एकाहून अधिक भ्रूण. त्यातला एखादा परागणातून जन्मलेला, बाकीचे बीजांडातल्या प्रदेह नावाच्या ऊतीपासून, म्हणजे पूर्णपणे आईच्या पेशींपासून बनलेले. पुस्तकात उदाहरण म्हणून लिंबूवर्गाचेच नाव असते. नागपुरात संत्र्याच्या बिया घराघरांत कचऱ्यात जातात! बी रात्रभर भिजवून, सालटे काढून, टाचणीने उघडले तर लहानमोठे भ्रूण साध्या भिंगाखाली दिसतात. आणि हे नुसते नवल नाही. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर भरतात आणि ते खुंट बियांपासूनच करतात. बियांपासून केलेली रोपे एकसारखी निघत नाहीत, हा साधारण नियम. मग इथे ती बऱ्याच अंशी एकसारखी कशी? कारण त्यातली बहुतेक प्रदेहापासूनची असतात. रोपवाटिकेतला अनुभवी माणूस वेगळी दिसणारी रोपे उपटून टाकतो. तो जे काढून टाकतो तीच बहुधा परागणाची संतती असते. भ्रूणविज्ञान आणि अर्थशास्त्र इथे एकाच वाफ्यात उभे आहेत.

फुलण्याचेही तसेच. अभ्यासक्रमात फुलोऱ्याचा विषय दिवस-रात्रीच्या लांबीपासून सुरू होतो. गार्नर आणि ॲलार्ड यांचा १९२० चा तंबाखूवरचा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. काटोल-नरखेडचा बागायतदार मात्र झाडाला ताण देऊन फुलवतो. मे महिन्यात पाणी तोडले आणि पाऊस आला की मृग बहार. डिसेंबरच्या थंडीत पाणी तोडून मग दिले की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार. पाणी तुटले की पालवीची वाढ थांबते, आणि थंडी किंवा कोरडेपणा यांमुळे पानांत फुलोऱ्याचा संदेश देणारे जनुक अधिक कार्यरत होते. हे जनुक आणि ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या तणाचे प्रसिद्ध ‘एफटी’ जनुक एकाच कुळातले आहे. भारी काळ्या जमिनीत ओलावा टिकून राहतो म्हणून तिथे ताण बसायला वेळ लागतो, हे शेतकरी जाणतो. एम.एस्सी.च्या प्रश्नपत्रिकेत ॲराबिडॉप्सिस येते, ताण येत नाही. नागपुरात कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था १९७६ पासून आणि लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संस्था १९८५ पासून आहे. त्या कृषी संशोधन परिषदेच्या, विद्यापीठ वेगळ्या खात्याचे. पाटीवरचे खाते निराळे असल्यामुळे दोन संस्थांमधले काही किलोमीटर ओलांडायला विद्यार्थ्याला दोन वर्षे पुरत नाहीत, असे चित्र मी अनेकदा पाहिले आहे.

आता प्रबंधांकडे वळतो, कारण खरी चिंता तिथे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या नव्या पदव्युत्तर आराखड्यात संशोधन प्रकल्पाला मोठे स्थान आले. उद्देश चांगला आहे. पण प्रकल्प कोणता? गेली वीसेक वर्षे वनस्पतिशास्त्रात एक ठोकळेबाज विषय बोकाळला आहे. एखादी औषधी वनस्पती घ्यायची, पाने वाळवून मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा, अल्कलॉइड-टॅनिनच्या रंगचाचण्या करायच्या, आणि जिवाणूंच्या थाळीवर अर्काची चकती ठेवून भोवतीचे स्वच्छ वर्तुळ मोजायचे. निष्कर्ष ठरलेला: ‘या वनस्पतीत जिवाणूरोधक गुण आहेत.’ एका विद्यापीठात (नाव महत्त्वाचे नाही) मी तोंडी परीक्षेला बसलो होतो तेव्हा एकापाठोपाठ सहा प्रकल्प याच जातीचे आले. मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले. नुसत्या मिथेनॉलची चकती ठेवून पाहिली का? अर्काचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये आणि तुलनेचे प्रतिजैविक मायक्रोग्रॅममध्ये असताना दोन वर्तुळांची तुलना कशी केली? आणि ज्या झाडाची पाने घेतली त्याचा वाळवलेला नमुना कुठे जमा आहे? पहिल्या प्रश्नाला दोघांनी होकार दिला. तिसऱ्याला कुणीच नाही. एक मुलगी म्हणाली, ‘सर, पाने बाजारातून आणली, दुकानदाराने नाव सांगितले.’

ती मुलगी हुशार होती, मेहनतीही होती. तिची चार-पाच महिन्यांची मेहनत ज्या पानांवर झाली ती कशाची, हे आता जगात कुणालाही सांगता येणार नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने वनस्पतीचेच नाव दुकानदाराकडून घ्यावे, ही या साच्याची परिसीमा आहे. आणि वर्तुळाचा व्यास हे काही ताकदीचे मोजमाप नव्हे. पदार्थ आगरमध्ये किती वेगाने पसरतो यावरही तो अवलंबून असतो. कमीत कमी किती प्रमाणात वाढ थांबते हे काढल्याशिवाय पुढे बोलताच येत नाही.

असे विषय का निवडले जातात? ते ठरलेल्या वेळात ‘यशस्वी’ होतात म्हणून. निष्फळ ठरण्याची भीतीच नाही. भरीला नियम आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची अट घातली, २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीत निबंधांचे गुण मोजले जाऊ लागले, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. ते आवरायला मान्य नियतकालिकांच्या याद्या झाल्या. छपाईची सक्ती २०२२ च्या नियमांत उठली, यादीही २०२५ मध्ये बंद झाली. नियम आले आणि गेले, मिथेनॉलचा अर्क मात्र अजून निघतोच आहे.

दुसरा ओढा ‘नेट’ परीक्षेचा. तिच्यात जीवविज्ञान ही एकच प्रश्नपत्रिका असते, वनस्पतिशास्त्राची वेगळी नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहेत. सामान्य घरातल्या मुलासाठी ही थोडी रक्कम नव्हे, म्हणून त्याने त्या परीक्षेमागे धावू नये असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सहलीला न येता शिकवणी वर्गात बसतो, आणि त्याला पेशीतले संदेशवहन येते, दारातला पळस कुठल्या कुळातला ते येत नाही. रेणवीय जीवशास्त्राला माझा विरोध नाही, माझे स्वतःचे बरेच काम त्यावरच चालते. डीएनएचा क्रम ज्या झाडाचा काढला ते झाड चुकीचे ओळखले असेल तर तो क्रम जगभरच्या माहितीसाठ्यात चुकीच्या नावाने जाऊन बसतो आणि पुढचे लोक त्यावर इमारत बांधतात, एवढेच माझे म्हणणे.

ओळखण्याचे साहित्य तरी आहे का? इथे नागपूरची एक ऐतिहासिक अडचण सांगितली पाहिजे. महाराष्ट्रातले विद्यार्थी ज्या थिओडोर कुक यांच्या ग्रंथावर (१९०१–१९०८) पोसले गेले तो मुंबई इलाख्याचा. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात, म्हणजे त्या ग्रंथाच्या बाहेर. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आला, पण त्याने कुकची पाने वाढली नाहीत! १९८६ साली एन. आर. उगेमुगे यांचा नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ नागपुरातूनच प्रसिद्ध झाला, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे महाराष्ट्रावरचे खंड १९९६ ते २००१ या काळात आले. म्हणजे साधने आज आहेत. ती ग्रंथालयाच्या कपाटातून प्रयोगशाळेच्या टेबलावर येत नाहीत, ही तक्रार आहे.

‘जागा भरल्या जात नाहीत, तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक दगड कापायला विद्यार्थ्यांसोबत कधी बसणार?’ असे कुणी म्हणेल, आणि ते खरे आहे. तासावर पैसे मिळणाऱ्या माणसाकडून वर्षभराच्या निरीक्षणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. गुणसूत्रांसाठी कांद्याचीच मुळे का, कापसाची का नाही, असेही मी विचारणार नाही. कांद्याची गुणसूत्रे मोठी आणि मोजकी सोळा आहेत, सोय म्हणून ती बरोबरच निवड आहे. पण बी उघडायला आणि झाडाखाली उभे राहायला अनुदान लागत नाही.

तेव्हा त्या ओढ असलेल्या विद्यार्थ्याला मी ‘घे’ असेच सांगतो. सोबत, प्रवेश घेण्यापूर्वी विभागात जाऊन दोन गोष्टी पाहून यायला सांगतो. एक म्हणजे मागच्या तीन वर्षांच्या प्रकल्पांची यादी. त्यात अर्कांशिवाय काही आहे का, आणि जे आहे त्यात नागपूर परिसरातली एखादी जागा नावानिशी येते का. दुसरे म्हणजे हर्बेरियमचे कपाट. किल्ली कुणाकडे आहे हे विचारावे आणि ते उघडून दाखवा म्हणावे. डांबरगोळ्यांचा वास येतो का, की कागदांना कसर लागली आहे? मग सर्वांत वरच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर गोळा केल्याची तारीख वाचावी.